संदकफूवरून हिमालय : एका लांब चित्राची हकीकत

डोंगर पाहावयास जाणे ही एक गोष्ट आणि डोंगर घरी घेऊन येणे ही दुसरी. पहिलीला पाय पुरतात; दुसरीला पायांखेरीज पुष्कळ काही लागते. आपल्या खानापूर-जांबोटीकडील वाचकांना डोंगराचे अप्रूप नाही. चोर्ल्याचा घाट उतरताना दिसणारे सह्याद्रीचे कडे त्यांच्या नित्याच्या ओळखीचे आहेत. परंतु हिमालय पाहून आलेला मनुष्य घरच्या मंडळींना फोटो दाखवू लागला, म्हणजे बहुधा तोच ओशाळतो. आकाश मोठे दिसते, पुढचे झुडूप मोठे दिसते, आणि ज्याच्यासाठी एवढा प्रवास केला तो नगाधिराज मधोमध खडूने ओढलेल्या पांढऱ्या रेघेसारखा दिसतो. "हाच का तुमचा हिमालय?" असे घरातील म्हातारी विचारते आणि त्यावर उत्तर सुचत नाही.

यात कॅमेऱ्याचा दोष नाही. बंगालच्या संदकफू नावाच्या कड्यावरून पाहिले असता ८५८६ मीटर उंचीचे कांचनगंगा शिखर क्षितिजापासून अवघे चार अंश वर येते. हात लांब करून दोन बोटे आडवी धरली तर ते त्यांच्याआड झाकते! मात्र हीच हिमरांग डावीकडून उजवीकडे शंभर अंशांहून अधिक पसरलेली आहे. उंचीला दोन बोटे आणि लांबीला अर्धे क्षितिज, असा तिचा आकार. आपला डोळा ती एका दमात पाहत नाही. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरतो, थांबतो, मागे येतो. साध्या फोटोत ती सगळी एकदम कोंबली की उंचीचा अगदी थोडा हिस्सा डोंगराच्या वाट्याला येतो. ह्यावर उपाय एकच : डोळा जसा फिरतो तसा कॅमेरा फिरवावा, दूरचे भिंग लावून तुकड्यातुकड्यांनी चित्रे घ्यावीत आणि मागाहून ती जोडून एक लांब चित्र करावे. इंग्रजीत ज्याला पॅनोरामा म्हणतात ते हेच.

आमच्या धर्मग्रामाच्या शाळेत एक वीस फुटी रिकामी भिंत आहे. तिच्यावर हिमालयाचे असे चित्र लावावे, ही कल्पना भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या आमच्या मास्तरांची. ती अंमलात आणण्यासाठी गेल्या नोव्हेंबरात आम्ही चौघे निघालो : मास्तर, लग्नकार्याचे फोटो काढणारे आमच्या गावचे स्टुडिओवाले मामा, त्यांचा कॉलेजात शिकणारा भाचा आणि प्रस्तुत लेखक. त्या प्रवासाची व त्या चित्राची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मानेभंजनहून वर

बेळगावाहून कलकत्ता आणि तेथून न्यू जलपायगुडी हा आगगाडीचा प्रवास मोठा आहे, पण त्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. खरा रस प्रारंभ होतो तो मानेभंजनपासून. दार्जिलिंगच्या पश्चिमेस, भारत आणि नेपाळ यांच्या सीमेला चिकटून वसलेला हा सुमारे दोन हजार मीटर उंचीवरचा लहानसा बाजार. येथून सिंगलीला नावाची डोंगराची धार उत्तरेकडे चढत जाते आणि ३१ किलोमीटरांवर संदकफूला पोहोचते. संदकफूची उंची ३६३६ मीटर. पश्चिम बंगाल राज्यातील हे सर्वांत उंच ठिकाण होय.

ह्या वाटेवर १९५० च्या सुमारास बनलेल्या लँड रोव्हर गाड्यांनी कित्येक दशके माणसे आणि माल वाहिला. दगडगोट्यांवरून उसळत, बैलगाडीच्या गतीने त्या चढत असत. आता बहुतेक फेऱ्या बोलेरो गाड्या करतात आणि रस्त्याचा बराच भाग बांधून काढलेला आहे. आम्ही सामान गाडीने पाठविले आणि स्वतः तीन दिवसांत चालत वर गेलो. ह्याचे कारण मास्तरांनी दिले ते असे की, समुद्रसपाटीच्या जवळ राहणाऱ्याने एका दिवसात बारा हजार फूट चढू नये. विरळ हवेची शरीराला हळूहळू सवय करावी. सत्तरी गाठलेल्या माणसाने हे सांगितल्यावर आम्हा तिघांना आळस सांगण्याची सोय उरली नाही.

वाट चित्रे, टुमलिंग, गैरीबास, कालीपोखरी अशी गावे घेत जाते. काही गावे भारतात, काही नेपाळात. पायवाट आपल्या सोयीने दोन्ही देशांत ये-जा करते. सिंगलीला हे राष्ट्रीय उद्यान असल्याने स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यावा लागतो. आमचा वाटाड्या तिशीचा, मितभाषी. त्याला आम्ही तेथील रीतीप्रमाणे 'दाजू' म्हणू लागलो. नेपाळीत दाजू म्हणजे थोरला भाऊ. तो मास्तरांना 'बाजे' म्हणजे आजोबा म्हणू लागला, आणि त्या संबोधनाचा मास्तरांना मनापासून आनंद झाला. दोन्ही बाजूंना बांबूची आणि गुरांसाची म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची राने होती. ही झाडे एप्रिल-मे महिन्यांत लालभडक फुलतात. नोव्हेंबरात ती हिरवी आणि मुकी असतात. पण त्या महिन्यात हवा निवळलेली असते. पावसाने धूळ धुऊन नेलेली असते आणि हिवाळ्याचे धुके अजून आलेले नसते. चित्र काढणाऱ्याला फुलांपेक्षा ही निवळ अधिक मोलाची.

डोळ्यांपुढे काय दिसते

संदकफूच्या माथ्यावर काही लॉज, एक-दोन सरकारी निवारे, वाऱ्यावर फडफडणाऱ्या बौद्ध प्रार्थनापताका आणि सतत घोंघावणारा वारा, एवढेच आहे. परंतु उत्तरेस तोंड करून उभे राहिले म्हणजे बाकीच्या गोष्टींचे भान राहत नाही.

अगदी समोर, किंचित उजवीकडे, कांचनगंगेचा समूह. सरळ रेषेत मोजले तर तो येथून सुमारे ६८ किलोमीटरांवर आहे. डावीकडचे कुंभकर्ण शिखर, ७७१० मीटर उंच, म्हणजे मस्तक. मधली कांचनगंगा म्हणजे पोट. आणि उजवीकडचे पांडिम म्हणजे पावले, असा एक निजलेला पुरुष तेथे दिसतो. तेथील लोक त्याला निजलेला बुद्ध म्हणतात. ह्या पर्वताविषयी सिक्कीमच्या लोकांना इतका आदर आहे की, २५ मे १९५५ रोजी ज्यो ब्राउन आणि जॉर्ज बँड हे दोन इंग्रज गिर्यारोहक प्रथमच तेथे पोहोचले तेव्हा ते शेवटच्या टोकाच्या काही फूट खाली थांबले. माथ्यावर पाऊल ठेवणार नाही असे वचन सिक्कीमच्या राजाला देण्यात आले होते आणि ते पाळले गेले. पुढेही अनेकांनी हा पायंडा चालविला.

मग दृष्टी डावीकडे फिरवावी. सुमारे साठ अंश वळल्यावर वायव्येस तीन शिखरे एकमेकांना खेटून उभी दिसतात : ल्होत्से, एव्हरेस्ट आणि मकालू. पाहणाऱ्याला त्यांतील मकालूच सर्वांत थोर वाटतो, कारण तो सुमारे १२५ किलोमीटरांवर आहे, तर एव्हरेस्ट १४४ किलोमीटरांवर. जगातील पाच सर्वोच्च शिखरांपैकी चार अशा रीतीने एका जागेवरून दिसतात. उजवीकडे दूर, भूतानच्या सीमेवर, चोमोल्हारीचा सुळका. ह्या एका वळणात नेपाळ, तिबेट, सिक्कीम आणि भूतान येतात. मास्तर पहिल्या संध्याकाळी तेथे उभे राहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. चाळीस वर्षे त्यांनी ही नावे नकाशावर छडीने दाखविली होती.

पूर्वसूरी

हे काम आपणच प्रथम करीत आहोत असे कोणी समजू नये. इटलीच्या उत्तरेस बिएल्ला नावाचे गाव आहे; जवळच्या ओरोपा येथील पवित्र मरियेच्या तीर्थस्थानामुळे आपल्यापैकी काहींनी त्याचे नाव ऐकले असेल. तेथील लोकर विणणाऱ्या एका घराण्यात १८५९ साली विट्टोरिओ सेला जन्मले. त्यांच्या पित्याने १८५६ सालीच छायाचित्रणावर इटालियन भाषेत ग्रंथ लिहिला होता, आणि चुलते क्विंतिनो सेला यांनी १८६३ मध्ये इटलीच्या गिर्यारोहक मंडळाची स्थापना केली होती. एका बाजूने कॅमेरा आणि दुसऱ्या बाजूने डोंगर, असा हा वारसा. सेलांचा सुरुवातीचा मोठा कॅमेरा ३० गुणिले ४० सेंटिमीटरांच्या काचेवर चित्र घेई. कॅमेऱ्याचे ओझे अठरा किलोंच्या घरात आणि प्रत्येक काच जवळजवळ एक किलोची. हे सर्व पाठीवर घेऊन त्यांनी १८८२ साली मॅटरहॉर्नच्या माथ्यावरून सभोवारचे दृश्य टिपले. मग एकेका काचेवरून छापलेले कागद कडेला कडा लावून चिकटवावयाचे आणि एक लांब पट्टी तयार करावयाची, अशी त्यांची रीत होती.

हेच सेला १८९९ च्या सप्टेंबरात दार्जिलिंगला आले. इंग्रज प्रवासी डग्लस फ्रेशफील्ड यांच्या तुकडीबरोबर त्यांनी कांचनगंगेची प्रदक्षिणा केली. त्या तुकडीत रिनझिन नामग्याल हे भारतीय सर्वेक्षकही होते. हा मुलूख त्यांनी आधीच धुंडाळलेला होता. झेमू हिमनदी, लोनाकचे खोरे, जोंगसोंगची खिंड आणि पुढे नेपाळ अशी ती वाट होती. पुढे १९०९ साली सेला काराकोरमला गेले आणि बाल्तोरो हिमनदीची विशाल जोडचित्रे घेऊन आले. १९४३ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या काचा आजही बिएल्लात सांभाळून ठेवलेल्या आहेत.

बिएल्लाशेजारच्याच पोल्लोने गावी १८८३ साली फादर अल्बेर्तो मारिया दे आगोस्तिनी यांचा जन्म झाला. ते सालेशियन संघाचे धर्मगुरू. १९१० साली ते दक्षिण अमेरिकेच्या अगदी टोकाला, पुंता अरेनास येथे मिशनकार्यासाठी गेले आणि तेथील अज्ञात पर्वत व हिमनद्या त्यांनी कॅमेऱ्याने जगापुढे आणल्या. १९४३ साली, साठाव्या वर्षी, सान लोरेन्सो हे ३७०६ मीटर उंचीचे शिखर त्यांनी प्रथम सर केले. १९६० च्या नाताळच्या दिवशी ते निवर्तले. चिली देशातील एका राष्ट्रीय उद्यानास त्यांचे नाव आहे.

आजची साधने निराळी आहेत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, फिलिप्पो ब्लेंजिनी या इटालियन छायाचित्रकाराच्या तुकडीने केलेल्या माँ ब्लांच्या चित्रात सत्तर हजार फोटो जोडलेले होते! आमचा संकल्प त्या मानाने अगदीच माफक होता.

चित्र टिपण्याची रीत

लग्नमंडपात एक फोटो बिघडला तर दुसरा काढता येतो. येथे पन्नास फोटोंतील एक बिघडला तर हारातील मणी गळून पडल्यासारखे होते. म्हणून मामांनी निघण्यापूर्वी दोन रविवार चोर्ल्याच्या घाटात भाच्याला बरोबर घेऊन तालीम केली होती. त्यांनी सांगितलेले नियम येथे देतो. कोणाच्या घरी कॅमेरा असेल त्यास ते उपयोगी पडतील.

पहिला नियम पायाचा. तिपाई भक्कम असावी आणि तिच्या माथ्यावरील पाणसळीचा बुडबुडा मधोमध यावा. गवंडी भिंत उभारताना जी काळजी घेतो तीच येथे. तिपाई तिरकी असेल तर कॅमेरा फिरताना क्षितिज पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाते.

दुसरा नियम, कॅमेरा उभा धरावा आणि प्रत्येक फोटोत मागच्या फोटोचा सुमारे तिसरा हिस्सा पुन्हा यावा. कौले शाकारताना एक कौल दुसऱ्यावर चढविल्याखेरीज छप्पर गळल्यावाचून राहत नाही, तसेच हे. आम्ही २०० मिलिमीटरचे भिंग वापरले. उभ्या कॅमेऱ्यात त्यातून रुंदीला सात अंशांहून किंचित कमी दृश्य येते. तिसरा हिस्सा चढवावयाचा म्हणजे दर खेपेस सुमारे पावणेपाच अंश पुढे सरकावे लागते. एकशे दहा अंशांसाठी तेवीस फोटो. वरची ओळ शिखरांची, खालची दऱ्याखोऱ्यांची, म्हणून एकूण सेहेचाळीस.

तिसरा नियम, कॅमेऱ्याला स्वतःचे डोके चालवू देऊ नये. उजेड, रंग आणि स्पष्टता ह्या तिन्ही गोष्टी आरंभी हाताने ठरवून द्याव्यात आणि शेवटपर्यंत बदलू नयेत. नाहीतर बर्फ अधिक दिसले की कॅमेरा उजेड कमी करतो, अंधारी दरी आली की वाढवितो, आणि जोडल्यावर चित्र ठिगळांच्या गोधडीसारखे होते. आकाश गडद करणारी काचही भिंगावर चढवू नये, कारण तिचा परिणाम सूर्याच्या दिशेप्रमाणे बदलतो.

चौथा नियम समजावून घेण्यास वाचकाने एक प्रयोग करावा. अंगठा डोळ्यांसमोर धरून आधी एक डोळा मिटावा, मग दुसरा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारताना दिसेल. कॅमेरा फिरताना भिंगाची जागा बदलली तर जवळच्या वस्तू दूरच्यांपुढे अशाच उड्या मारतात आणि मग जोड जुळत नाही. म्हणून तिपाईवर एक सरकपट्टी बसवून, भिंगात प्रकाश जेथे एकवटतो त्या बिंदूभोवतीच कॅमेरा फिरेल अशी योजना करतात. पुढे काहीच जवळचे नसेल, केवळ दूरचे डोंगर असतील, तर ह्याची फारशी गरज पडत नाही. आमच्या पुढ्यात पताकांचे खांब होते, म्हणून ती काळजी घ्यावी लागली.

आणि शेवटचा नियम त्वरेचा. सूर्योदयाच्या वेळी उजेड क्षणाक्षणाला बदलतो. सर्व सेहेचाळीस फोटो पाच मिनिटांच्या आत संपले पाहिजेत.

दोन सकाळी

संदकफूवर आमच्या हाती दोनच सकाळी होत्या. पहिल्या दिवशी पहाटे साडेचारला उठलो. बादलीतील पाण्यावर बर्फाची साय धरली होती. थंडीने बॅटऱ्यांची शक्ती जाते, म्हणून भाच्याने त्या रात्रभर बंडीच्या आतल्या खिशात बाळगल्या होत्या. सहाच्या सुमारास कांचनगंगेच्या माथ्यावर तांबूस ठिणगी पडली. पण पाहता पाहता पूर्वेकडील दरीतून ढग चढले आणि निजलेला बुद्ध पांघरुणात गेला. पश्चिमेस मात्र एव्हरेस्ट, ल्होत्से आणि मकालू स्वच्छ उभे होते. मामांनी तेवढ्याच बाजूचे फोटो घेतले. लांब चित्र साधले नाही.

दुसऱ्या दिवशी देवाने आकाश पुसून ठेवावे तसे ते होते. मामांनी पश्चिमेकडून आरंभ करण्याचे ठरविले. भाचा घड्याळ पाहून आकडे मोजू लागला, दाजू वाऱ्याच्या बाजूला घोंगडी धरून उभा राहिला. इतक्यात एक लांबट ढग कोठून आला कोण जाणे, आणि नेमका त्या तीन शिखरांवर येऊन बसला. बाकी शंभर अंश निर्मळ. केवळ तेवढाच कोपरा झाकलेला.

"मामा, थांबायचं का?" भाच्याने विचारले.

"थांबलो तर उन्हाचा रंग जाईल रे. चल, मोज," मामा म्हणाले.

चार मिनिटे दहा सेकंदांत सेहेचाळीस फोटो झाले. ढग अर्ध्या तासाने हलला, पण तोवर बर्फावरील सोने उतरून पांढरा प्रखर उजेड झाला होता आणि खालच्या दऱ्या धुरकटल्या होत्या.

जोडणी आणि एक वाद

हल्ली जोडण्याचे काम कात्री व खळीने होत नाही. संगणक प्रत्येक फोटोत खडकाचे कोपरे, बर्फातील भेगा अशा ओळखीच्या खुणा शोधतो आणि शेजारच्या फोटोतील त्याच खुणांशी त्यांची गाठ घालतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे मॅथ्यू ब्राउन आणि डेव्हिड लो यांनी २००३ साली ही रीत पॅनोरामासाठी सिद्ध केली. 'हगिन' नावाचा एक प्रोग्राम विनामूल्य मिळतो. भाच्याने तोच वापरला. गाठी घातल्यावर संगणक प्रत्येक फोटो जणू एका मोठ्या नळकांड्याच्या आतल्या भिंतीवर चिकटवितो आणि मग ते नळकांडे उलगडून सपाट करतो. शेवटी सांधा दिसू नये म्हणून कडा एकमेकींत मुरवितो. पताका दोन फोटोंत दोन ठिकाणी फडकलेली असेल, तर कोणत्या फोटोतील ठेवावयाची ते आपण सांगावे लागते.

एका रात्रीच्या जोडणीनंतर चित्र तयार झाले : सुमारे चौसष्ट हजार बिंदू लांब आणि दहा हजार बिंदू उंच. इंचाला तीनशे बिंदू धरले तर लांबी जवळजवळ अठरा फूट आणि उंची सुमारे तेहतीस इंच. कांचनगंगेवरील एक बिंदू म्हणजे प्रत्यक्षातील दोन मीटर.

आता वादाची गोष्ट. चित्राच्या डाव्या कोपऱ्यात एव्हरेस्टच्या जागी ढग होता. आणि आदल्या सकाळचा स्वच्छ एव्हरेस्ट आमच्यापाशी होता. तोच कॅमेरा, तेच भिंग, तीच जागा.

भाचा म्हणाला, "तिथं कालचा तुकडा बसवतो. पाच मिनिटांचं काम आहे. एव्हरेस्ट काही खोटं नाही, ते तिथंच आहे."

मामांचेही मन तिकडे झुकले. शाळेतील मुले प्रथम एव्हरेस्टच शोधणार, हे खरेच होते. शिवाय, पताका एका फोटोतून निवडली तर शिखर का निवडू नये, हाही प्रश्न उरला. आमच्यापाशी त्यास पटकन उत्तर नव्हते.

मास्तर सावकाश बोलले. "पताका त्याच चार मिनिटांतली आहे. दोन्ही फोटो त्याच सकाळचे. ते चित्र म्हणते, ह्या वेळी असे होते. आणि तसे होते. त्या सकाळी त्या जागेवरून एव्हरेस्ट दिसले नाही. आपण ते बसविले तर चित्र सुंदर होईल, पण साक्षीदार राहणार नाही."

साक्षीदार ह्या शब्दावर आम्ही पुढे बराच विचार केला. जुन्या जोडचित्रांचे आज जे मोल आहे ते सौंदर्याइतकेच साक्षीचेही आहे. अमेरिकन गिर्यारोहक डेव्हिड ब्रीशर्स यांनी एव्हरेस्टच्या उत्तरेकडील रोंगबुक हिमनदीचा १९२१ साली जॉर्ज मॅलरी यांनी काढलेला फोटो घेतला, २००७ साली नेमक्या त्याच जागी उभे राहून पुन्हा फोटो काढला, आणि दोन्ही शेजारी ठेवले. मधल्या काळात बर्फाचा पृष्ठभाग तीनशे फुटांच्या आसपास खचलेला स्पष्ट दिसला. इटलीचे फाबिआनो वेंतुरा यांनी २००९ पासून सेला आणि इतरांच्या जागा शोधून काराकोरम, कॉकेशस, हिमालय आणि आल्प्स येथे असेच पुन्हा फोटो काढले. काराकोरमात निराळीच गोष्ट आढळली : बाल्तोरोवर शंभर वर्षांत फार थोडा फरक पडला होता. तेथील हिमनद्या इतरत्रच्या मानाने स्थिर आहेत, हे शास्त्रज्ञांनीही नोंदविले आहे. म्हणजे जुने चित्र आपल्याला पाहिजे तेच सांगते असे नाही; जे होते ते सांगते. सेलांनी देखाव्यासाठी एखादा तुकडा इकडचा तिकडे केला असता, तर त्यांच्या चित्राशी आजचे चित्र ताडून पाहण्यात काय अर्थ उरला असता?

आणि ही केवळ पंडितांची चर्चा नव्हे. १८९९ साली सेला ज्या लोनाक खोऱ्यातून गेले, तेथील दक्षिण लोनाक हिमनदी मागे हटत गेली आणि तिच्यापुढे वितळलेल्या पाण्याचे एक सरोवर वाढत गेले. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री काठाचा डोंगरभाग त्या सरोवरात कोसळला आणि पाण्याचा लोंढा तीस्ता नदीत उतरला. चुंगथांगचे धरण फुटले, पूल वाहून गेले, अनेक माणसे दगावली, अनेकांचा पत्ताही लागला नाही. परतीच्या प्रवासात दाजूने आम्हांला तीस्तेच्या काठावरील गाळाचे थर दाखविले. त्याच्या मावशीचे घर त्या गाळाखाली गेले होते. डोंगरावर बर्फ किती आहे आणि किती होते, ह्या प्रश्नाशी तेथील लोकांचे घर, शेत आणि जीव बांधलेले आहेत. पुढे कोणाला त्याचे उत्तर हवे असेल, तर त्यास खरे चित्र लागेल, आणि ते कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोठून काढले हे कळावे लागेल.

भाच्याने हे ऐकून घेतले. मग तो म्हणाला, "मास्तर, ढग राहू दे. पण कालचं एव्हरेस्ट वेगळं छापू या. खाली कालची तारीख घालू." ह्या तोडग्याने सर्वांचे समाधान झाले. चार वडीलधाऱ्यांना न सुचलेली तोड कधीकधी मुलाला सुचते, ती अशी.

भिंतीवर

चित्र जाड कागदाच्या सलग गुंडाळीवर छापून घेतले आणि शाळेच्या भिंतीवर लावले. त्याखाली एक पट्टी आहे. तिच्यावर ठिकाण, उंची, दिशा, तारीख आणि आरंभाची व शेवटाची वेळ मास्तरांच्या वळणदार अक्षरांत लिहिली आहे. डाव्या टोकाच्या खाली एका लहान चौकटीत तीन शिखरे आहेत आणि तिच्याखाली आदल्या दिवसाची तारीख आहे.

मुले आली की आधी धावत डावीकडे जातात आणि विचारतात, "एव्हरेस्ट कुठे आहे?" मास्तर छडीने ढग दाखवितात. "ह्याच्या मागे." मुलांना हे फार आवडते. दिसत नसलेली वस्तू तेथे आहे हे ठाऊक असणे, ही त्यांना मोठी गंमत वाटते. काही मुले ढगाच्या कडेला नाक लावून शिखराचे टोक कोठे डोकावते का ते शोधतात. मग ती उजवीकडे सरकतात, निजलेल्या बुद्धाचे नाक, पोट, पावले ओळखतात, आणि अठरा फूट चालून चोमोल्हारीपाशी पोहोचतात. साध्या फोटोपुढे कोणी चालत नाही. ह्या चित्रापुढे मात्र पाय हलवावे लागतात, डोंगरापुढे लागतात तसेच.

ज्या वाचकांना हिमालयास जाण्याचा योग येईल त्यांनी नोव्हेंबर निवडावा, तीन दिवस चालावे आणि निदान दोन सकाळी हाताशी ठेवाव्यात. ज्यांना तो येणार नाही त्यांनी आपल्या गावामागचा डोंगर घ्यावा. जांबोटीचा माळ, चोर्ल्याचा कडा, आपल्या शिवारातून दिसणारी रानाची कड ह्यांचेही असे चित्र दर वर्षी एकाच जागेवरून, एकाच महिन्यात काढता येईल. त्याखाली तारीख मात्र खरी घालावी. आज जे झाड उभे आहे, जो ओढा वाहतो आहे, तो तेथे होता हे सांगणारे कोणी असले पाहिजे. आणि आपल्या गावाचे चित्र काढण्यास बाहेरचा कोणी सेला येईलच असे नाही.